स्क्रिप्ट चालू दिसते पण काम बंद? सॉकेटला वाट पाहायची मुदत द्या



आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण कोड न येणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचा. कारण हल्ली छोट्या दुकानातही एखादी स्क्रिप्ट असतेच. वेबसाइटवर आलेली ऑर्डर दर पाच मिनिटांनी उचलायची, शीटमध्ये टाकायची आणि पॅकिंग टेबलवरच्या थर्मल प्रिंटरवर तिची चिठ्ठी काढायची, एवढंसं काम. कुणी भाच्याकडून लिहून घेतं, कुणी फ्रीलान्सरला पैसे देऊन करवून घेतं, कुणी एआयला विचारत विचारत स्वतःच जुळवतं.

पहिले दोन-तीन आठवडे मस्त चालतं. मग एका शनिवारी दुपारी ग्राहकाचा फोन येतो, "ताई, सकाळी दहाला ऑर्डर टाकली होती, निघाली का?" टास्क मॅनेजर उघडून बघावं तर स्क्रिप्ट चालू. लाल अक्षरात एरर नाही, काही नाही. पण सकाळी नऊ चाळीसनंतर एकही चिठ्ठी निघालेली नाही. पीसी बंद करून चालू केला की सगळं सुरळीत, आणि सगळे म्हणतात, "नेट गेलं असेल." आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

याला म्हणतात स्क्रिप्ट हँग होणं. माझ्या मते स्क्रिप्ट बंद पडण्यापेक्षा हे जास्त वाईट. बंद पडलेली स्क्रिप्ट निदान ओरडते. अडकलेली स्क्रिप्ट गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याचे पैसे तुम्ही भरता.

व्हिडिओत स्क्रीनवर कोड दाखवलाय, तो इथे पुन्हा टाकत नाही. इथे त्यामागचा विचार लिहिते. आज्ञांची नावं देवनागरीतच लिहिलीत, व्हिडिओ शेजारी लावून वाचलंत तर जुळतील.

नेमकं अडकतं कुठे

दुकानातल्या पोऱ्याला तुम्ही बँकेत पाठवलंत आणि सांगितलंत, "पासबुक भरून घेतल्याशिवाय परत येऊ नकोस." तिथे मशीन बंद. पोऱ्या प्रामाणिक आहे, तो उभा राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, तो अजून तिथेच. त्याची चूक नाही. किती वेळ थांबायचं आणि काम झालं नाही तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

स्क्रिप्टमधलं सॉकेट म्हणजे हा पोऱ्या. सॉकेट ही दोन मशीनमधली फोन लाइन समजा. आधी नंबर लावायचा, म्हणजे कनेक्ट. मग आपलं बोलायचं, म्हणजे सेंड. मग समोरच्याचं ऐकायचं, म्हणजे रिसीव्ह किंवा रीड. कनेक्टच्या वेळी समोरून काहीच हालचाल नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिम थोड्या वेळाने स्वतःच हात टेकते. पण एकदा लाइन जोडली गेली आणि तुम्ही ऐकायला बसलात, की मग "बास, आता उठ" म्हणणारं कुणी नसतं. पायथनमध्ये नवीन सॉकेटला डीफॉल्टने कुठलीच मुदत नसते. वेबवरून डेटा आणायची जी रिक्वेस्ट्स नावाची लोकप्रिय लायब्ररी आहे, तिलाही तुम्ही स्वतः टाइमआउट दिला नाहीत तर ती वाट पाहतच राहू शकते. पीएचपीमध्ये डीफॉल्ट ६० सेकंद असतात, त्यामुळे तिथे जन्मभर नाही तरी दर वेळी मिनिटभर अडकायला होतं.

आता कुणीही विचारेल की समोरचं मशीन बंद पडलं तर आपल्या पीसीला कळत कसं नाही? प्रश्न बरोबर आहे, आणि सगळा घोळ याच्या उत्तरात आहे.

समोरचा प्रोग्राम नीट बंद झाला तर तो "चला, ठेवतो" असा निरोप पाठवतो. मग तुमच्या रीडला शून्य बाइट्स मिळतात आणि स्क्रिप्टला समजतं की लाइन कट झाली. पण प्रिंटरची लाईट गेली, राउटर रीस्टार्ट झाला, कुणाच्या तरी पायात अडकून केबल निघाली, तर निरोप पाठवायला वेळच मिळत नाही. तुमचा पीसी नुसता कान लावून बसलेला असतो. त्याला पाठवायचं काही नाही, त्यामुळे पाठवलेलं पोचलं नाही हे कळायचाही मार्ग नाही. शांतता का आहे, समोरचा विचार करतोय की तिथे कुणी नाहीच, यातला फरक सॉकेटला कळत नाही.

"टीसीपीमध्ये कीपअलाइव्ह असतं की," असं तुमचा फ्रीलान्सर म्हणेल. असतं, खरं आहे. पण ते मुद्दाम चालू करावं लागतं. आणि लिनक्सवर नुसतं चालू केलं तर पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी जाते, म्हणजे दोन तासांनी. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चौकश्या. सगळे मिळून दोन तास अकरा मिनिटं. दिवाळीच्या आठवड्यात दोन तास अकरा मिनिटं चिठ्ठी निघाली नाही तर काय होईल, हे मी सांगायला नको. हे आकडे बदलता येतात, पण दुकानाच्या कामाला त्यावर विसंबू नका.

मुदत द्यायची, पण एकूण कामाला

साधा उपाय आधी. पायथनमध्ये सॉकेट उघडल्यावर सेटटाइमआउट ही एक ओळ लिहायची आणि कंसात सेकंद द्यायचे. पाच दिले तर पाच सेकंद काहीच आलं नाही की रीड एरर देऊन परत येतं. रिक्वेस्ट्स वापरत असाल तर प्रत्येक गेट आणि पोस्टला टाइमआउट द्या. त्यात दोन आकडे वेगळे देता येतात, पहिला जोडणीसाठी आणि दुसरा उत्तरासाठी. कर्ल वापरणाऱ्यांनी मॅक्सटाइमचा पर्याय लावायचा. इथपर्यंत सोपं आहे, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात.

पण ही मुदत प्रत्येक रीडला लागते, पूर्ण कामाला नाही. समोरून दर चार सेकंदांनी एक-एक बाइट येत राहिला तर तुमचं पाच सेकंदांचं घड्याळ दर वेळी नव्याने सुरू होतं. टाइमआउट कधी होतच नाही आणि स्क्रिप्ट अर्धा तास तिथेच. रिक्वेस्ट्सचा टाइमआउटही याच प्रकारचा आहे. तो "इतका वेळ एकही बाइट आला नाही" हे मोजतो, पूर्ण डाउनलोडचा वेळ मोजत नाही. पोऱ्याला "पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही तर ये" असं सांगितलं आणि काउंटरवरचा माणूस दर दहा मिनिटांनी "बस, होतंय" म्हणत राहिला, तसंच हे.

म्हणून काम सुरू करताना घड्याळ बघायचं, शेवटची वेळ ठरवायची, आणि प्रत्येक रीडच्या आधी उरलेले सेकंद काढून तेवढीच मुदत सॉकेटला द्यायची. उरलेले शून्य झाले की काम थांबवायचं. यासाठी पायथनमधलं मोनोटॉनिक घड्याळ वापरा, भिंतीवरचं नको. विंडोजने मध्येच इंटरनेटवरून वेळ जुळवली आणि घड्याळ पुढेमागे झालं तर तुमचा हिशेब चुकतो. मोनोटॉनिक घड्याळ फक्त पुढेच जातं.

आणखी एक कोपरा. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधायचं काम जोडणीच्या आधी होतं, आणि सॉकेटची मुदत त्याला लागू पडत नाही. तिथेही वेळ जाऊ शकतो. यासाठी बाहेरून कुंपण लागतं, त्याबद्दल पुढे येतेच.

"संपलं" हे कशावरून ओळखायचं?

अडकण्याचं दुसरं मोठं कारण समोरच्याच्या बिघाडाशी संबंधित नसतं. समोरच्याने उत्तर पूर्ण दिलेलं असतं, आणि तुमची स्क्रिप्ट अजून काहीतरी येईल म्हणून बसलेली असते.

टीसीपीमध्ये पाकिटं वेगवेगळी अशी येत नाहीत, नळाला पाणी आल्यासारखे बाइट्स येतात. स्क्रिप्टने "१०२४ बाइट्स दे" म्हटलं तर त्याचा अर्थ "जास्तीत जास्त १०२४" असा असतो. कधी २०० येतील, कधी तीनच येतील, एकच उत्तर दोन तुकड्यांत येईल. त्यामुळे उत्तर कुठे संपतं हे आधी ठरलेलं असावं लागतं. ओळ संपली की संपलं, किंवा सुरुवातीला लांबी सांगितली तेवढे बाइट्स झाले की संपलं, किंवा समोरच्याने लाइन बंद केली की संपलं.

वेबवरचं उदाहरण घ्या. कुणी हाताने एचटीटीपीची विनंती लिहिली आणि "लाइन बंद होईपर्यंत वाचत राहा" असं सांगितलं. एचटीटीपी १.१ मध्ये सर्व्हर उत्तर दिल्यावर लाइन सहसा उघडीच ठेवतो, पुढची विनंती येईल म्हणून. पान पूर्ण आलेलं आहे, आणि स्क्रिप्ट सर्व्हरने फोन ठेवण्याची वाट बघतेय! पीएचपीमध्ये एफ-ई-ओ-एफ लावून सॉकेट वाचणारे जुने कोड असेच अडकतात. उत्तराच्या वरच्या भागात लांबी दिलेली असते ती वाचायची, किंवा विनंती करतानाच "काम झालं की लाइन बंद कर" असं सांगायचं. त्याहून बरं म्हणजे तयार लायब्ररी वापरायची. हाताने एचटीटीपी लिहून दुकानदाराला काय मिळतं, मला कधी कळलं नाही.

प्रिंटरचंही तसंच. नेटवर्कवरचे बरेचसे थर्मल प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर ऐकत असतात. कागद आहे का, झाकण उघडं आहे का, हे विचारायची एक छोटी आज्ञा असते आणि तिचं उत्तर येतं एका बाइटचं. स्क्रिप्ट चार बाइट्सची वाट बघत असेल तर उरलेले तीन कधीच येणार नाहीत. आणि सगळेच प्रिंटर या आज्ञेला उत्तर देतात असंही नाही. प्रिंटर घेताना "स्टेटस परत पाठवतो का?" हे विक्रेत्याला विचारून घ्या.

जाता जाता एक ओळख सांगून ठेवते. स्क्रिप्ट अडकलेली असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जवळपास शून्य दिसत असेल तर ती वाट पाहतेय. एक कोअर पूर्ण भरलेला दिसत असेल तर बहुधा समोरच्याने लाइन बंद केलीय, रीड दर वेळी शून्य बाइट्स देतंय, आणि स्क्रिप्ट त्याकडे दुर्लक्ष करून तिथल्या तिथे गरगर फिरतेय. दोन्ही आजार वेगळे आहेत. दुसऱ्यावर टाइमआउट चालत नाही, तिथे "शून्य आलं की थांब" अशी अट लागते.

मुदत संपली. आता पुढे काय?

या भागासाठीच खरं तर मी हा विषय घेतला. मुदत लावणं सोपं आहे. मुदत संपल्यावर काय करायचं हा धंद्याचा निर्णय आहे, आणि तो कोड लिहिणाऱ्यावर सोडू नका.

काउंटरवरची गोष्ट आठवा. ग्राहकाने क्यूआर स्कॅन केला, त्याच्या फोनवर "पैसे गेले" दिसतंय, आणि आपला साउंडबॉक्स गप्प. तुम्ही त्याला म्हणता का, "पुन्हा पाठवा"? नाही. अ‍ॅप उघडून, व्यवहाराचा नंबर बघून, आले की नाही ते आधी तपासता. साउंडबॉक्स बोलला नाही याचा अर्थ पैसे आले नाहीत असा होत नाही. अर्थ एवढाच की अजून माहीत नाही.

टाइमआउटचा अर्थ अगदी हाच. तुमची विनंती कदाचित पोचलीच नाही. कदाचित पोचली, काम झालं, आणि उत्तर वाटेत हरवलं. सेंड यशस्वी झालं म्हणूनही काही सिद्ध होत नाही, कारण तेव्हा डेटा फक्त तुमच्या पीसीच्या रांगेत पडलेला असतो.

आता समजा स्क्रिप्ट ग्राहकाला ८५० रुपये रिफंड करत होती आणि टाइमआउट आला. कोडमध्ये साधं "एरर आली तर पुन्हा कर" लिहिलेलं असेल तर १७०० रुपये गेले. म्हणून पैशाच्या प्रत्येक विनंतीला आपल्या बाजूने एक नंबर द्यायचा, आणि दुसऱ्यांदा पाठवताना तोच नंबर जायला हवा. अनेक पेमेंट सेवा तोच नंबर पुन्हा आला तर दुसरा व्यवहार करत नाहीत. तुमची सेवा असं करते का, हे तिच्या मार्गदर्शिकेत वाचा. करत नसेल तर आधी स्थिती विचारायची, मगच पुढचं पाऊल. नुसती माहिती आणायची असेल, उदाहरणार्थ नव्या ऑर्डरची यादी, तर पुन्हा विचारायला हरकत नाही. दोनदा विचारल्याने यादी बदलत नाही.

चिठ्ठीचा प्रश्न मधला आहे. दोनदा छापली गेली तर पैसे जात नाहीत, पण मागे कारागीर एकाच ऑर्डरचे दोन डबे भरून ठेवतो. प्रिंटरने छापलं की नाही याची खात्री नसेल तर दुसऱ्या वेळी वर मोठ्या अक्षरात "दुसरी प्रत" छापायची आणि ऑर्डर नंबर ठळक करायचा. पॅकिंगवाल्याला समजतं की आधी शोधायचं आणि मग भरायचं. कोडमध्ये दोन ओळींचं काम आहे.

आणि टाइमआउट झालेलं सॉकेट पुन्हा वापरू नका. बंद करा, नवं उघडा. कारण उशिरा आलेलं उत्तर त्या लाइनवर पडून राहतं. ४१ नंबरच्या ऑर्डरचं उत्तर तुम्ही ४२ नंबरची चौकशी केल्यावर हातात येतं. मग ४२ चं उत्तर ४३ ला. सगळा हिशेब एक घर सरकतो आणि एररही येत नाही. हा प्रकार शोधायला भल्याभल्यांना दोन दिवस लागतात.

पुन्हा प्रयत्न किती वेळा? मी तीन म्हणते. मध्ये २, ४, ८ सेकंद असं वाढतं अंतर. तीनदा जमलं नाही तर ऑर्डर "माणसाने बघायची" अशा वेगळ्या यादीत टाकायची आणि पुढच्या ऑर्डरकडे जायचं. एका अडलेल्या ऑर्डरसाठी मागची रांग थांबवायची नाही. काउंटरवर आपण हेच करतो, नाही का?

सेकंद किती ठेवायचे याला ठरीव उत्तर नाही. आठवडाभर प्रत्येक फेरीला लागलेला वेळ लॉगमध्ये लिहून घ्या. नेहमीच्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ बघा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. दुकानातल्याच वायरवरच्या प्रिंटरला मी २-३ सेकंद देते. इंटरनेटवरच्या सेवेला जोडणीसाठी ५ आणि उत्तरासाठी २०-३०. फार कमी ठेवलंत तर गर्दीच्या वेळी, जेव्हा सगळंच हळू असतं, तेव्हा चांगली कामंही मध्येच तोडली जातील.

बाहेरचं कुंपण

आतल्या सगळ्या मुदती लावल्या तरी एखादी जागा राहून जाते. म्हणून पूर्ण स्क्रिप्टलाच बाहेरून मर्यादा घाला.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये दोन सेटिंग लगेच बघा. एक, काम किती वेळ चाललं की थांबवायचं. तिथे आधीपासून ३ दिवस असतात. दुसरं, आधीची फेरी चालू असेल तर काय करायचं. तिथे आधीपासून "नवीन फेरी सुरू करू नको" असतं. दोन्ही मिळून काय होतं बघा. सकाळची एक फेरी अडकली की पुढच्या सगळ्या फेऱ्या तिच्यामागे रद्द, आणि हे तीन दिवस चालू शकतं. पाच मिनिटांनी चालणाऱ्या कामाला तिथे थोडीच मिनिटं ठेवा. यादीत नसेल तो आकडा टाइप करता येतो.

लिनक्सच्या क्रॉनचं उलट आहे. जुनी फेरी अडकली तरी क्रॉन नवीन सुरू करतच राहतो. संध्याकाळी बघावं तर शंभर प्रती चालू आणि मशीन दमलेलं. तिथे आज्ञेच्या आधी "टाइमआउट १२०" लिहिलं की दोन मिनिटांनी ती थांबवली जाते, आणि एफ-लॉक लावलं की एका वेळी एकच प्रत चालते. दोन्ही एकत्र लावा.

शिवाय प्रत्येक यशस्वी फेरीच्या शेवटी स्क्रिप्टने शीटच्या एका चौकटीत वेळ लिहावी. ती वेळ पंधरा मिनिटांपेक्षा जुनी झाली की तुमच्या फोनवर मेसेज यावा. हा मेसेज पाठवणारं काम वेगळं हवं, शक्यतो वेगळ्या मशीनवरचं. अडकलेली स्क्रिप्ट "मी अडकलेय" असं कळवू शकत नाही.

पैसे देण्याआधी करून बघायची चाचणी

ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याच्यासमोर बसून हे करा. स्क्रिप्ट प्रिंटरशी बोलत असताना प्रिंटरची वायर बोर्डातून काढा. पीसीची नेटवर्क केबल काढू नका, कारण ती काढली तर विंडोजला लगेच कळू शकतं आणि चाचणी खोटी पास होते. मग घड्याळ लावून बसा. ठरलेल्या सेकंदांत स्क्रिप्ट परत आली पाहिजे, लॉगमध्ये कोणती ऑर्डर आणि कुठली पायरी ते लिहिलेलं पाहिजे, आणि पुढची ऑर्डर उचललेली पाहिजे.

नंतर दुसरी चाचणी. एका लॅपटॉपवर नेटकॅट नावाच्या छोट्या प्रोग्रामने ९१०० पोर्ट उघडा आणि स्क्रिप्टला प्रिंटरऐवजी त्या लॅपटॉपचा पत्ता द्या. नेटकॅट जोडणी घेतो, सगळं ऐकून घेतो आणि उत्तर काहीच देत नाही. ही चाचणी पहिल्यापेक्षा कडक आहे, कारण इथे समोरचा जिवंत आहे. मुदत संपायच्या आत नेटकॅटमध्ये हाताने एकच अक्षर टाइप करून एंटर दाबा, दोन सेकंदांनी पुन्हा दाबा, असं करत राहा. स्क्रिप्टला एकूण वेळेची मर्यादा असेल तर ती तरीही वेळेवर उठेल. नसेल तर तुम्ही एंटर दाबत राहाल तोवर ती बसून राहील. मग उरलेलं पेमेंट हातात ठेवा आणि ती ओळ त्याच्याकडून तिथेच घालून घ्या.